मायं घर नकाशात कोठी हाय?

२०२१ च्या जुलैत अकोल्यात एका रात्रीत प्रचंड पाऊस झाला, मोर्णेला पूर आला आणि सखल भागातल्या वस्त्यांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही काही जणी अशाच एका वस्तीत घरोघर फिरत होतो. धुणीभांडी करणारी एक बाई भेटली. नवऱ्यानं टाकलेली, दोन लेकरं, भाड्याची एक खोली. पीठ, तांदूळ, लेकरांची दप्तरं, शिलाई मशीन, सगळं चिखलात गेलेलं. भिंतीवर तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर ओलीची रेघ उमटली होती. पंचनामा झाला होता, पण तो घरमालकाच्या नावानं. मालक शहराच्या दुसऱ्या भागात राहतो, त्याची एक वाटीसुद्धा भिजली नव्हती. हिचं नाव पंचनाम्यात नाही, कारण घर हिचं नाही. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही.

पुढं काही महिन्यांनी एका कार्यालयात मला त्याच वस्तीचा संगणकावरचा नकाशा पाहायला मिळाला. तिथल्या साहेबांनी तो मोठ्या कौतुकानं दाखवला. प्रत्येक घराचा वेगळा चौकोन, प्रत्येकाला क्रमांक. चौकोनावर बोट ठेवलं की मालकाचं नाव, क्षेत्रफळ, कराची थकबाकी समोर. “एकही घर सुटलेलं नाही मॅडम,” साहेब म्हणाले. मी एक छापील प्रत मागून घेतली आणि वस्तीत घेऊन गेले. बायका भोवती जमल्या. त्यांनी नदी ओळखली, अंगणवाडी ओळखली, पिठाची गिरणी ओळखली. मग ती बाई पुढं आली. “ताई, याच्यात मायं घर कोठी हाय, दाखवा नं मले.” मी चौकोन दाखवला, नाव वाचलं. ती म्हणाली, “हे त मालकाचं नाव हाय. मी कोठी हाय? आन् पानी कोठवर आलं होतं, थे कोठी लिवलं हाय?”

मैत्रिणींनो, हा लेख त्या बाईच्या दोन प्रश्नांवर आहे. मी कोठी हाय, आणि पाणी कुठवर आलं ते कुठे लिहिलं आहे. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना मला संशोधनपद्धती शिकवली, मुलाखतीचं तंत्र शिकवलं, पण नकाशाला प्रश्न विचारायला कोणी शिकवलं नाही. ते त्या वस्तीत शिकले.

नकाशामागचा तक्ता

हल्ली प्रत्येक बैठकीत ‘जीआयएस’ हा शब्द येतो आणि आपण बायका गप्प बसतो. इंजिनिअर लोकांचं काम, आपल्याला काय कळणार, असं वाटतं. गप्प बसण्यासारखं त्यात काही नाही. जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे त्यात थर असतात. एका थरावर नद्या-नाले, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर घरं, चौथ्यावर जमिनीचे उंचसखल भाग. आणि प्रत्येक आकृतीच्या मागं एक तक्ता असतो. घराच्या चौकोनामागं त्या घराची माहिती रकान्यांत भरलेली असते. नदीचा थर आणि घरांचा थर एकत्र केला की कोणती घरं पुराच्या पाण्यात येतील ते संगणक सांगतो. हे साधन उपयोगाचं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आजार आणि पाणी यांचं नातं नकाशावरून शोधता येतं, हे १८५४ साली लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी कॉलराच्या मृत्यूंच्या खुणा करून दाखवलं होतं. दूषित पाण्याचा हातपंप त्या खुणांमुळे उघडा पडला.

माझा वाद आहे तो रकान्यांशी. तक्त्यात कोणते रकाने असावेत, हे ठरवतं कोण? मालकाचं नाव हा रकाना आहे, राहणारीचं नाव हा रकाना नाही. बांधकामाचं क्षेत्रफळ आहे, घरात संडास आहे की बाया अंधारात बाहेर जातात हे नाही. छत पक्कं की कच्चं हे आहे, पण त्या छताखाली अंथरुणाला खिळलेली सासू आहे, की आठवा महिना भरलेली सून आहे, हे नाही. रकानाच नसेल तर माहिती गोळा होत नाही, माहिती नसेल तर योजना होत नाही. आणि मग आपल्याला सांगितलं जातं की संगणक भेदभाव करत नाही. खरंच आहे, संगणक करत नाही. रकाने ठरवणारी माणसं करतात, आणि ते जाणूनबुजून करावं लागतं असंही नाही. कुटुंब म्हणजे कुटुंबप्रमुख आणि प्रमुख म्हणजे पुरुष, ही शिकवण ज्यांच्या हाडात मुरलेली आहे त्यांच्या हातून असाच तक्ता तयार होणार.

आमच्या दोन्ही शहरांत घरांची अशी मोजणी आधी झाली ती मालमत्ता करासाठी. अकोल्यात २०१७ च्या करवाढीवरून केवढा वाद झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत कसं गेलं, हे अकोलेकर जाणतात. कर गोळा करू नये असं मी म्हणत नाही. पण वसुलीसाठी घर सापडतं, मग पुराच्या रात्री तेच घर का सापडत नाही?

वरून काय दिसतं, काय दिसत नाही

आकाशातून मिळणारी माहिती किती बारीक असते, हेही समजून घेऊ. जमिनीची उंची दाखवणारी जी माहिती जगभर फुकट मिळते, ती बहुतेक २००० साली अंतराळयानातून केलेल्या मोजणीची आहे. तिच्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद तुकडा. आपल्या वस्तीत तेवढ्या जागेत किती खोल्या मावतात ते मोजून पाहा. त्या सगळ्यांची उंची नकाशात एकच. गल्लीच्या एका टोकाला गुडघाभर आणि दुसऱ्या टोकाला गळ्याएवढं पाणी, हा फरक त्यात उमटत नाही. याहून बारीक मोजणी करता येते, ड्रोननं होते, पण तिला पैसे लागतात, आणि पैसे आधी कोणत्या भागाकडं जातात ते मी सांगायला नको.

शिवाय जमीन स्थिर राहत नाही. जुन्या रस्त्यावर सिमेंटचा नवा थर येतो, पुन्हा काही वर्षांनी आणखी एक. रस्ता चढत जातो आणि घराचं जोतं खाली राहतं. नकाशात हा रस्ता विकास म्हणून रंगवला जातो. घरातल्या बाईसाठी तो पाणी आत ढकलणारा बांध असतो. आमची वऱ्हाडची जमीन काळी, पूर्णेच्या खोऱ्यात सपाट, पाणी लवकर न सोडणारी. अमरावतीत पूर्वेकडच्या टेकड्यांवरचं पाणी उतरून अंबा नाल्यात येतं आणि भर शहरातून वाहतं. नाल्यात काय अडकलं आहे, कोणत्या मोरीचं तोंड बुजलं आहे, कोणत्या वळणावर पाणी उलटं फिरतं, हे काठावरच्या बायांना तोंडपाठ असतं. उंबऱ्याशी पोती लावणाऱ्या त्या, रात्रभर जागून पाणी उपसणाऱ्या त्या, सकाळी चिखल काढणाऱ्याही त्याच. एका आजीनं मला दाराच्या चौकटीवर तीन खुणा दाखवल्या. प्रत्येक खूण एका पुराची, आणि प्रत्येकीशी घरातल्या एका जन्माचा नाहीतर लग्नाचा हिशेब जोडलेला. पंचवीस वर्षांची अशी नोंद कोणत्या कार्यालयात आहे?

आपत्ती म्हणजे फक्त पूर नाही. मे २०२४ मध्ये अकोल्यात उन्हाचा कहर झाला तेव्हा जिल्हा प्रशासनानं कलम १४४ लावलं होतं. चौकातल्या गर्दीचा विचार झाला, ठीक झालं. पण पत्र्याच्या खोलीत भर दुपारी चुलीपुढं बसलेली बाई कोणत्या जमावात मोडते? कोणत्या वस्तीचे पत्रे किती तापतात, हे उपग्रहावरून मोजता येतं. तो थर, पत्र्याच्या घरांचा थर आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं याचा थर एकावर एक ठेवा. कोणत्या वस्तीत बायांचा जीव आधी जाईल ते आपोआप दिसेल. साधन आहे, माहिती आहे. हे तीन थर एकत्र ठेवावेत असं कोणाच्या मनात आलं नाही, एवढंच.

मेलेल्यांत बाया जास्त का?

३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरानं मोवाड गाव धुऊन नेलं. २०४ माणसं गेली. मोवाड नागपूर जिल्ह्यात, पण नदीच्या या काठाला आमचा वरूड-मोर्शीचा मुलूख. आमच्याकडच्या वयस्क बाया आजही जोराचा पाऊस सुरू झाला की मोवाडचं नाव काढतात. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात ऑक्सफॅम या संस्थेनं काही गावांत वाचलेल्यांची मोजदाद केली, तेव्हा तिथं वाचलेल्या बायांच्या जवळजवळ तिप्पट पुरुष आढळले. कारणं ऐकून आपल्याला नवल वाटणार नाही. बाया घरात होत्या, लेकरं त्यांच्या कडेवर होती, पोहायला आणि झाडावर चढायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. अकोल्याची बाई मला म्हणाली होती, “पोट्टं काखेत घेऊ का कागदं शोधू?” तिकडं आणि इकडं गोष्ट तीच.

म्हणून धोका फक्त पाण्याच्या उंचीवर मोजता येत नाही. घरातून निघायला कोणाला किती वेळ लागतो, कोणाला निघायची परवानगी आहे, निवारा केंद्रातल्या संडासाला कडी आहे का, तिथं रात्री दिवा आहे का, यावरही तो ठरतो. ज्या शाळेत निवारा केंद्र ठरवलं आहे तिथं तरण्या मुलीला घेऊन झोपायची भीती वाटते, म्हणून बाया पाणी चढेपर्यंत घर सोडत नाहीत. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात ती शाळा एका हिरव्या ठिपक्यानं दाखवलेली असते.

कायदा आपल्या बाजूनं बोलतो, पण बोलवून घ्यावा लागतो

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यावरून भेदभाव करायचा नाही, असं त्याचं कलम ६१ सांगतं. मदतीचे किमान निकष ठरवताना विधवा आणि अनाथ यांच्यासाठी खास तरतूद हवी, असं कलम १२ सांगतं. टाकलेली बाई त्यात शब्दानं नाही, पण मागणी करायला जागा आहे. २०२५ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. आता महापालिका असलेल्या शहरांसाठी राज्य सरकार वेगळं नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमू शकतं, आणि आपत्तीच्या माहितीचे साठे तयार करण्याची तरतूदही आली आहे. अमरावती आणि अकोला दोन्ही महापालिका आहेत. म्हणजे नवे तक्ते तयार होणार, नवे रकाने ठरणार. ते ठरून गेल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा ठरण्याआधी दारात उभं राहणं शहाणपणाचं.

दुसरी बाजू शहराच्या विकास आराखड्याची. २०१५ च्या अमृत योजनेत देशातल्या ५०० शहरांचे आराखडे जीआयएसवर करण्याचा कार्यक्रम आला, आणि आमची दोन्ही शहरं अमृतमध्ये आहेत. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार आधी सध्याच्या जमीन वापराचा नकाशा करावा लागतो, मग आराखड्याचं प्रारूप जाहीर करून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. हरकती कोण घेतं? ज्यांचे प्लॉट आहेत ते. मी अशा एका सुनावणीला गेले होते. सभागृहभर वकील आणि बिल्डर, बाया आम्ही चौघी. त्यातही २०२२ पासून पुढं काही वर्षं दोन्ही महापालिकांत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, कारभार प्रशासकांकडं होता. २०११ मध्ये मिळालेलं पन्नास टक्के आरक्षण त्या काळात कोणाच्या कामी आलं?

मालकीचा मुद्दा आमच्या भागाला नवा नाही. शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन नोव्हेंबर १९८९ मध्ये अमरावतीत भरलं होतं, आणि पुढं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी जमीन बायकोच्या नावावर केली. आता २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन घरांच्या मिळकत पत्रिका निघतात. त्यावर बाईचं नाव लागलं की नाही हे आपल्या किती गटांनी तपासलं? आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोला ‘जमीन कोणाच्या नावावर’ या एका प्रश्नावर अपात्र ठरताना आपण पाहिलं आहे. तोच प्रश्न आता संगणकात शिरतो आहे.

नकाशावर आलो तर घर पाडतील

आपल्याच मैत्रिणींचा एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. त्या म्हणतात, वस्ती नकाशावर आणायचीच कशाला? निळ्या पूररेषेच्या आत दाखवली की उठवायला येतील. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. वस्तीतल्या बायांनी मला हेच विचारलं, “आमी जाऊ मंग कोठी?”

मी यावर पुष्कळ विचार केला. लपून राहणं हा मार्ग आता उरलेला नाही. आपण दाखवलं नाही तरी उपग्रह दाखवतो, ड्रोन दाखवतो. आपण गप्प राहिलो तर ‘अतिक्रमण’ एवढीच नोंद होईल. आपण बोललो तर त्या चौकोनामागं लिहिलं जाईल की इथं इतकी वर्षं इतकी माणसं राहतात, पुरावा हा, काम इथून एवढ्या अंतरावर, लेकरांची शाळा ही. पुनर्वसन कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवं, ही मागणी नकाशाशिवाय सिद्ध करता येत नाही. आणि एकदा पूररेषा काढलीच, तर ती मंगल कार्यालयाला आणि रहिवासी संकुलालाही लागू करा, असं त्याच नकाशावर बोट ठेवून सांगता येतं. झोपडी पडते आणि भराव घालून उभी राहिलेली भिंत टिकते, हा अन्याय आज ऐकीव गोष्ट म्हणून उडवून लावता येतो. नकाशावर तो उडवता येणार नाही.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. एकट्या राहणाऱ्या बाईचं घर, हिंसेतून सुटून आलेल्या बाईचा पत्ता, हे जाहीर नकाशावर कधीही जाता कामा नये. ती यादी वस्तीतल्या गटाकडं राहावी, वर फक्त आकडा जावा. बायांना वाचवण्यासाठी केलेली यादी त्यांना शोधणाऱ्याच्या हाती पडली तर आपणच गुन्हेगार ठरू.

हे कोणी केलेलंच नाही असं नाही

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरांच्या दुरुस्ती-बळकटीकरणाच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगानं महिला मंडळांतल्या बायांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. कोणाचं घर, कोणती दुरुस्ती, पैसे पोचले का, ही माहिती गावागावांत त्या बायांनी हाताळली. पुण्यात १९९३ मध्येच सुरू झालेल्या शेल्टर असोसिएट्सनं, प्रतिमा जोशी यांच्या पुढाकारानं, पुण्यात आणि सांगलीत झोपडपट्ट्यांचं जीआयएसवर नकाशांकन केलं आणि घराघराची माहिती गोळा करायला वस्तीतल्याच बायांना तयार केलं. तेव्हा ‘बायांना नकाशा कळत नाही’ हे वाक्य यापुढं कोणी बोललं तर ऐकून घेऊ नका. रोज सकाळी ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला मोजमाप शिकवायची गरज नाही.

आमच्या गटानं अमरावतीत नाल्याकाठच्या एका वस्तीत सुरुवात केली आहे. आधी अंगणात खडूनं नकाशा काढला. वाळूच्या रेघा म्हणजे नाला, तुरीचे दाणे म्हणजे घरं, लाल मिरच्या म्हणजे जिथं पाणी चढतं ती घरं. मग कॉलेजातल्या दोन मुलींनी तो क्यूजीआयएस या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत उतरवला. अंगणवाडी सेविका आणि आशाताई सोबत होत्या, कारण कोणत्या घरात कोण आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. हे काम करताना दोन घरांत नवरे भांडले, “आमच्या घराची माहिती तू काहून देते?” म्हणून. तेही नोंदवलं आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. घरांच्या प्रत्येक सर्वेक्षणात मालकाबरोबर प्रत्यक्ष राहणाऱ्या बाईचं नाव, भाडेकरू, संडास, पाणी, वृद्ध, अपंग आणि गरोदर यांचे रकाने हवेत.

२. पुराचा नकाशा पक्का करण्याआधी प्रभागात बायांची वेगळी बैठक घ्या, भिंतीवरच्या खुणा मोजा आणि नोंदवा.

३. पंचनामा राहणाऱ्याच्या नावानं करा. टाकलेल्या आणि भाड्यानं राहणाऱ्या बाईला कागदाअभावी वगळू नका.

४. प्रारूप आराखडा मराठीत, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, रेशन दुकानात आणि अंगणवाडीत लावा.

५. नागरी आपत्ती प्राधिकरणाच्या कामात अंगणवाडी सेविका, आशा आणि सफाई कामगार बायांना घ्या, आणि निवारा केंद्र त्यांनी पाहून पसंत केल्याशिवाय ठरवू नका.

प्रशासनाकडून एवढं मागताना आपल्याकडूनही काही मागायचं आहे. येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक गटानं निदान एका वस्तीचा नकाशा बायांकडून काढून घ्यावा. कागद नसेल तर अंगणात काढा. पाण्याची उंची बोटानं दाखवून घ्या, टेपनं मोजा, तारीख लिहा, खाली सह्या आणि अंगठे घ्या. एक प्रत महापालिकेत द्या, पोच घ्या आणि दुसरी आपल्याजवळ ठेवा.

अकोल्याच्या त्या बाईची खोली आता बदलली आहे, वस्ती तीच आहे. मागच्या वेळी भेटली तेव्हा तिनं विचारलं, “ताई, लिवलं का मायं नाव?” आमच्या कागदावर लिहिलं आहे. सरकारच्या कागदावर अजून लिहायचं आहे.